राऊळांना दिलेली भूल

"तुम्ही फसवलंत मला, मॅडम," राऊळ म्हणाले.

सलाईनची सुई अजून त्यांच्या हातात होती. डोळ्यांवरची पट्टी मी नुकतीच काढली होती. माणूस आवाज न करता रडत होता. पाणी कानांकडे ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी मॉनिटर बघितला. ब्लडप्रेशर थोडं वर, नाडी ठीक, ऑक्सिजन ठीक. माझ्या हिशेबाने सगळं व्यवस्थित पार पडलं होतं.

"काय फसवलं?"

"भूल देणार म्हणालात. मला तर सगळं आठवलं."

मी परळच्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. सर्जनचं नाव पेशंट आयुष्यभर सांगतो. भूल देणाऱ्याचं नाव त्याला घरी पोचेपर्यंतही आठवत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आमचं काम नीट झालं, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे "सगळं आठवलं" अशी तक्रार ऐकायची मला सवय नव्हती.

हा प्रकार ऑपरेशन थिएटरमधला नव्हे. आमच्याकडचा सायकिअ‍ॅट्रिस्ट नाबर एकदा थिएटरच्या चहाच्या खोलीत येऊन बसला आणि म्हणाला, "तुझ्याकडचं केटामीन हवंय."

"तुझे पेशंट बोलून बरे होतात ना? माझ्या कपाटातलं तुला कशाला?"

"सगळे बोलून बरे झाले असते तर तुझ्या इथला हा चहा प्यायला आलो असतो का?"

केटामीन हे भुलीचं जुनं औषध. मोठ्या डोसमध्ये दिलं की माणूस डोळे उघडे ठेवून भुलीत जातो. कापलेलं कळत नाही, पण श्वास स्वतःचा चालू राहतो. म्हणून अपघाताच्या, भाजलेल्या पेशंटना आम्ही ते देतो. एकच कटकट असते. शुद्धीवर येताना पेशंटला भलभलतं दिसतं. कुणी छताशी बोलतं, कुणाला आपण वरून स्वतःलाच बघतोय असं वाटतं. नातेवाईक घाबरतात. आम्ही दुसरं एक औषध देऊन ते दाबून टाकतो.

पुढे मानसोपचारवाल्यांच्या लक्षात आलं, की हेच औषध अगदी कमी डोसमध्ये, सावकाश, शिरेतून दिलं तर गोळ्यांना न बधणारं डिप्रेशन कधी कधी दिवसाभरात हलतं. का हलतं हे नक्की कुणाला ठाऊक नाही. आम्ही कटकट म्हणून जे दाबत आलो, त्याच्या आसपासच कुठेतरी गुण असावा असं नाबरला वाटतं. परदेशात मशरूममधल्या द्रव्यावरही असंच काम चाललंय. ती मशरूम तिकडच्या काही लोकांच्या देवपूजेत फार पूर्वीपासून आहेत. "आपल्या हातात कायद्याने आहे ते हे एवढंच," नाबर म्हणाला.

कायद्याचं मला सांगायला नको होतं. हेच केटामीन पार्ट्यांमध्ये पावडर करून नाकाने ओढतात. म्हणून आमच्याकडे ते दोन कुलुपांच्या कपाटात असतं. रिकामी बाटली परत केल्याशिवाय भरलेली मिळत नाही. उरलेलं औषध कुणाच्या तरी देखत बेसिनमध्ये ओतावं लागतं. मी नाबरला होकार दिला. एका अटीवर. पेशंट त्याचा, पण खोलीत पूर्ण वेळ मी असणार.

राऊळ त्या खोलीतल्या सुरुवातीच्या पेशंटपैकी. राहणार लालबाग, वय साठीच्या अलीकडे. लिफ्टचे मेकॅनिक. जुन्या जाळीच्या दरवाजांच्या लिफ्टपासून आताच्या टॉवरमधल्या बटणांच्या लिफ्टपर्यंत सगळ्या हाताखालून गेलेल्या. मुलगा नितेश एकुलता एक. त्याच्या बॅगेत गांजाची पुडी सापडली. राऊळांनी त्याला थोबाडीत मारली आणि "पुन्हा तोंड दाखवू नको" म्हणाले. तो शिवडीला मित्राकडे जाऊन राहिला. राऊळांनी फोन केला नाही. त्याच आठवड्यात परळच्या पुलावर त्याची बाइक घसरली आणि तो जागीच गेला. दिवस पावसाचे होते, रस्ता ओला होता, बाकी काही नव्हतं. त्याने काहीही घेतलेलं नव्हतं.

त्यानंतर राऊळ गप्प झाले. आधी बोलणं गेलं, मग झोप, मग जेवण. गोळ्या झाल्या, बदलून झाल्या. एके संध्याकाळी कामावरच्या सोबत्याने त्यांना लिफ्टच्या उघड्या शाफ्टच्या कडेवरून मागे ओढलं. "ब्रेक तपासत होतो," एवढंच ते म्हणाले. लिफ्ट बंद होती, तपासायला काही नव्हतंच, असं सोबत्याने नंतर सांगितलं. शॉक ट्रीटमेंटला त्यांच्या पत्नीने साफ नकार दिला. राहिलं हे.

पत्नीचं नाव सुनंदा. लालबागच्याच एका मसाल्याच्या दुकानात कामाला. त्या खोलीत आल्या की आमच्या सिस्टरला शिंका सुटायच्या. "मिरचेचो वास जायत नाय ओ साडयेचो," असं म्हणून त्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "मॅडम, भूल देतलास ना ह्यांका?"

मी नेहमीचं वाक्य बोलले. "हो. पण ऑपरेशनसारखी नाही. अगदी थोडी."

राऊळांनी मान वर केली. त्या दिवशी ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होते. "थोडी चालेल," ते म्हणाले.

भूल म्हणजे बधिर करणं, हा अर्थ आमचा, डॉक्टरांचा. राऊळांच्या गावाकडे रानात माणसाला भूल पडते. मग तो आपली वाट विसरतो, घर विसरतो, डोळ्यांसमोरचा आपल्या वाडीचा रस्ताही त्याला ओळखू येत नाही. लहानपणापासून त्यांनी हा शब्द असाच ऐकलेला. सुनंदाबाईंनीही घरी त्यांना तसंच समजावलं होतं, की तिथे भूल देतात, जरा विसरायला होतं, चला. अगदी थोडी, असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं, कुठलं थोडं ते. मुलाला थोबाडीत मारली, तेवढा एक दिवस.

हे मला कळलं ते सलाईन उतरल्यावर.

"काय आठवलं?" मी विचारलं. खरं तर हे विचारणं नाबरचं काम. पण तो वॉर्डात होता आणि माणूस कित्येक महिन्यांनी एवढं बोलत होता.

"मी पिटमध्ये उभा होतो." पिट म्हणजे लिफ्टच्या तळाचा खड्डा. "वरून केबिन येत होती. सावकाश. आपण तपासणीला सोडतो ना, त्या स्पीडने. मी हललो नाही. डोक्यावर येऊन थांबली. मग मी बाहेर कसा आलो माहीत नाही, पण दरवाजा उघडला तर आत नितेश. त्या दिवशीच्याच टी-शर्टात."

"बोलला काही?"

"नाही. वाकला." राऊळांनी हात हवेत खाली नेला. "मी मारली ना त्याला, तेव्हा माझाच चष्मा पडला होता. त्याने वाकून उचलला. टी-शर्टला पुसला. माझ्या हातात दिला. आणि मग गेला. थप्पड मला रोज आठवते, मॅडम. हे विसरलो होतो."

मी सुई काढली, कापूस दाबून धरला.

बाहेर सुनंदाबाईंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या दिवशी चष्म्याचं काय झालं होतं. त्या म्हणाल्या, "काच तडकली हुती. मीच बदलून हाडलंय. कोणी उचललो तां बघूक नाय. मी आत हुतंय." आत म्हणजे स्वयंपाकघरात. म्हणजे नितेशने चष्मा उचलला होता की केटामीनने, हे सांगू शकेल असं कुणीच नव्हतं.

नाबरला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खरंखोटं तू त्याच्याशी बोलू नकोस."

"मी बोलणारच नाही. मी भूल देते, साक्षी काढत नाही."

त्यानंतरचे तीन-चार दिवस चांगले गेले, असं फोनवर कळलं. आणि मग दुसऱ्या वेळेला दोघं आले ते भांडतच.

"मॅडम, ह्यांनी काल बांगड्याचा तिखला खाल्ल्यानी. दोनदा वाढून घेतल्यानी. दाढी केल्यानी. आणि आता म्हणतत नको!"

"नको म्हणजे नको," राऊळ म्हणाले. "नशा आहे ती. पुतण्याने मोबाइलवर दाखवलं. पोरं पार्टीत घेतात ते हेच ना?"

"घेतात. पण ती घेतात तसं इथे आपण..."

"औषध तेच ना?"

मी पेशंटशी खोटं बोलत नाही. खोटं लक्षात ठेवावं लागतं. "तेच," मी म्हणाले.

ते स्टुलावर बसले. "आमच्या शंकराच्या देवळात महाशिवरात्रीला भांग कोण वाटायचं, विचारा हिला. मी. पाट्यावर. नितेश लहान होता तेव्हापासून बाजूला बदाम सोलायला बसायचा. बारावी झाला त्या वर्षी वाटीभर त्यालाही दिली, मीच. म्हटलं घे, देवाचा प्रसाद आहे, काही होत नाही. सगळे हसत होते. तो पण हसत होता. आणि त्याच झाडाची पुडी बॅगेत मिळाली तर मी त्याला घरातून काढला."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. झाड एकच. पानांची भांग होते, फुलोऱ्याच्या शेंड्यांचा गांजा. पानं कायद्याला चालतात, शेंडे चालत नाहीत. हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते सांगण्याचा काही उपयोग नव्हता.

"आणि आता मी इथे पलंगावर झोपून सुईने घेणार," राऊळ म्हणाले. "आणि बायको दाराबाहेर पर्स धरून उभी. हे तो बघत असेल तर काय म्हणेल?"

"ऐकतास काय मॅडम? मेलेल्या पोराची लाज वाटता ह्यांका. जित्या बायलेचा काय?"

सिस्टरला शिंक आली. कुणी हसलं नाही.

मी माझ्या पद्धतीने सरळ विचारलं. "राऊळ, चष्म्याचं तुम्हाला आधी आठवत होतं?"

"नाही."

"आता आठवतंय. ते बरं झालं की वाईट?"

सुनंदाबाई काही बोलणार होत्या, मी हाताने थांबवलं. मग राऊळांनी विचारलं, "पुन्हा दिसेल?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. विसरायला आलेला माणूस आता बघायला यायचं म्हणत होता. हो म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. त्यांनी लगेच शर्टाची बाही वर केली असती.

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "दिसेल, न दिसेल. हे औषध तुमच्या आजारासाठी आहे. मुलासाठी नाही."

"चालेल," ते म्हणाले आणि पलंगावर आडवे झाले.

त्या दिवशी पट्टी काढल्यावर मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "केबिन आली. दरवाजा उघडला. रिकामी."

तिसऱ्या वेळेलाही रिकामी. चौथ्या वेळेला केबिन आलीच नाही, नुसते रंग होते, "गणपतीच्या लायटिंगसारखे". पाचव्या वेळेला पुन्हा रिकामी. दर वेळी ते डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्याआधी चष्मा काढून स्वतःच्या हाताने बाजूच्या ट्रॉलीवर ठेवायचे, काच वर करून. दर वेळी शुद्धीवर आले की पहिल्यांदा ट्रॉलीकडे बघायचे. चष्मा ठेवलेला असायचा तिथेच असायचा. सिस्टरने एकदा तो उचलून त्यांच्या हातात द्यायला घेतला, तेव्हा मी मान हलवून तिला नको म्हटलं. का ते तिला नंतर सांगितलं.

आणि याच काळात माणूस बरा होत होता. हे मला नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की औषध वाया गेलं. अजिबात नाही. नाबर दर आठवड्याला ठरलेले प्रश्न विचारून मार्क मांडतो, आजार जितका कमी तितके मार्क कमी. ते भराभर उतरत होते. राऊळ झोपायला लागले. वजन वाढलं. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस कामावर जायला लागले. शाफ्टजवळ सोबती असतोच, आणि आता तो हसून त्यांना "काका, ब्रेक मी तपासतो" म्हणतो, असं त्यांनीच मला सांगितलं. हा विनोद करण्याची आणि ऐकून घेण्याची ताकद येणं म्हणजे काय, ते आमच्या क्षेत्रातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

सहावी वेळ शेवटची होती. एवढ्याच ठरलेल्या असतात. पुढे गोळ्यांवर ठेवायचं, लागलंच तर बघायचं. पट्टी काढली. राऊळ छताकडे बघत होते.

"रिकामी?" या वेळी मीच विचारलं.

"रिकामी."

नाबर आला, खूश होता. "राऊळसाहेब, छान रिझल्ट आहे तुमचा. आता याची गरज नाही. महिन्याने फक्त भेटायला या."

राऊळ उठून बसले. चष्मा घातला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, अजून एकदा द्या."

"गरज नाहीये, राऊळ. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"एकदाच. पहिल्यांदा दिली होती तेवढीच. तुम्ही तेव्हा वेगळी दिली होती का?"

"नाही. प्रत्येक वेळी तीच आणि तेवढीच."

"मग जरा जास्त द्या. मी सही करतो. कुणाला सांगणार नाही."

नाबरचा चेहरा उतरला. हे वाक्य त्याने व्यसनमुक्तीच्या वॉर्डात हजारदा ऐकलेलं आहे. मीही ऐकलेलं आहे, वेगळ्या लोकांकडून. बाटलीत थोडं औषध उरलं होतं. माझ्या हातातच होतं ते. एका माणसाला एकदा स्वतःचा मुलगा बघायला पुरेल का, हे जगात कुणीच सांगू शकलं नसतं.

"नाही," मी म्हणाले.

राऊळ खाली बघून म्हणाले, "ज्याच्यासाठी पोराला दाराबाहेर काढला, तेच मागायला मी तुमच्या दारात उभा आहे. कळतंय मला."

सुनंदाबाई दाराबाहेरच होत्या, नेहमीसारख्या. त्या आत आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या पलंगापर्यंत आल्या. मला वाटलं, त्या माझी विनवणी करतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. राऊळांच्या कोपराला धरलं.

"तुमका एकदा तरी दिसलो ना तो?" त्या म्हणाल्या. "माका तितकोय नाय. उठा. चला घरी."

राऊळ उठले. त्यांनी बायकोकडे बघितलं, आणि मला वाटतं, त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघितलं. ती बाई मुलाचं दिवसकार्य झाल्यापासून कामावर जात होती, नवऱ्याला जेवायला घालत होती, त्याला आमच्याकडे आणत होती, आणि शिंका येतात म्हणून दाराबाहेर उभी राहत होती. तिला कुणी प्रश्न विचारून मार्क मांडले नव्हते. मीही नाही, नाबरनेही नाही. ती पेशंट नव्हती.

दोघं गेले. उरलेलं औषध मी सिस्टरच्या देखत बेसिनमध्ये ओतलं. नळ सोडला. रिकामी बाटली परत केली.

राऊळ अजूनही नाबरकडे तपासणीला येतात. येताना बायकोही असते. आता नाबर आधी तिला बसवतो आणि तिची झोप कशी आहे ते विचारतो. ती "माका काय झाला?" म्हणते आणि मग बरंच बोलते. राऊळ जेवतात, झोपतात, लिफ्ट दुरुस्त करतात. महाशिवरात्रीची भांग वाटायला आता दुसरं कुणी बसतं. जाताना कधी माझ्या दारात डोकावतात. त्या रिकाम्या लिफ्टचं मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत.

माझ्या कामात एकच बदल झाला. त्या खोलीतल्या पेशंटला मी आता भूल हा शब्द वापरत नाही. औषध म्हणते. आणि सुई लावण्याआधी विचारून घेते, यातून तुम्हाला काय व्हायला हवंय. उत्तर नीट ऐकते, कारण बहुतेकांना जे हवं असतं ते माझ्या कपाटात नसतं. ऑपरेशनच्या पेशंटला मात्र अजून भूलच म्हणते. तिथे त्यांना नुसतं झोपायचं असतं.